एट-रॅक: प्रतिस्पर्ध्याचा हात रिकामा करणाऱ्या डेकचे परीक्षण

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याला हातातली कार्डे टाकायला लावून डाव जिंकण्याचा मार्ग खेळाइतकाच जुना आहे. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने १९९३ मध्ये बाजारात आणला, तेव्हा पहिल्याच संचात ‘हिप्नॉटिक स्पेक्टर’ आणि ‘माइंड ट्विस्ट’ ही कार्डे होती आणि दोन्हींचे काम समोरच्याच्या हातातून कार्डे उडवणे हेच होते. पुढच्या वर्षी ‘अँटिक्विटीज’ संचात ‘द रॅक’ आले आणि रिकाम्या हाताबद्दल प्रतिस्पर्ध्याला दर पाळीला शिक्षा देण्याची सोय झाली. आज ‘मॉडर्न’ प्रकारात (ठरावीक संचांतलीच कार्डे चालतात अशा स्पर्धाप्रकारात) खेळला जाणारा ‘एट-रॅक’ हा डेक, म्हणजे खेळाडूने निवडून बांधलेली कार्डांची गड्डी, याच कल्पनेवर उभा आहे. हा डेक कसा बांधावा, तो खेळताना काय हाती लागते आणि त्यासाठी पैसे खर्च करावेत का, या प्रश्नांची उत्तरे मी येथे माझ्या मतांसह देत आहे.

डेकच्या नावातले आठ म्हणजे चार ‘द रॅक’ आणि चार ‘श्रीकिंग अफ्लिक्शन’. ‘रॅक’ एका मानात खेळता येते (माना म्हणजे कार्ड खेळण्यासाठी मोजायची शक्ती, ती लँड नावाच्या कार्डांतून मिळते). ते खेळताना एक प्रतिस्पर्धी निवडायचा असतो आणि त्याच्या प्रत्येक अपकीपला (पाळीच्या सुरुवातीला, नवे कार्ड उचलण्यापूर्वी), तीनमधून त्याच्या हातातल्या कार्डांची संख्या वजा करून जे उरेल तितके नुकसान त्याला सोसावे लागते. म्हणजे हात रिकामा असेल तर ३, एक कार्ड असेल तर २, दोन असतील तर १ आणि तीन किंवा अधिक असतील तर काहीच नाही. ‘अफ्लिक्शन’ २०१२ च्या ‘रिटर्न टू राव्हनिका’ संचातले असून तेही एका काळ्या मानात येते. प्रतिस्पर्ध्याच्या अपकीपला त्याच्या हातात एक किंवा शून्य कार्ड असेल तर त्याचे ३ लाइफ (खेळाडूचे गुण, ते संपले की तो हरतो) जाते, दोन कार्डे असतील तर मात्र काहीही होत नाही. ‘रॅक’ पायरी-पायरीने दाब वाढवते, ‘अफ्लिक्शन’ एका उंबरठ्यानंतर पूर्ण जोराने आदळते. ‘रॅक’ नुकसान करते आणि ‘अफ्लिक्शन’ थेट लाइफ कमी करते, त्यामुळे नुकसान रोखणाऱ्या कार्डांचा दुसऱ्यावर काही परिणाम होत नाही. टेबलावर दोन ‘रॅक’ आणि एक ‘अफ्लिक्शन’ असताना रिकाम्या हाताने बसलेल्या खेळाडूचे दर पाळीला ९ लाइफ जाते, आणि २० लाइफने सुरू होणाऱ्या डावात असे तीन अपकीप पुरतात.

हा हिशेब पाहिला की नवखा बांधणारा डिस्कार्डची, म्हणजे समोरच्याला हातातली कार्डे टाकायला लावणारी, कार्डे वाढवण्याच्या मागे लागतो आणि त्यासाठी जागा करायला या आठांतली दोन-तीन काढून टाकतो. माझ्या मते डेक बिघडतो तो नेमका इथेच. साठ कार्डांच्या डेकमध्ये अशी आठ कार्डे असतील तर पहिली दहा कार्डे पाहून होईपर्यंत त्यांपैकी किमान एक हाती येण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के असते. ती चारच ठेवली तर हीच शक्यता सुमारे ५३ टक्क्यांवर येते. समोरच्याचा हात रिकामा करून आपण काहीच करू शकलो नाही, तर तो प्रत्येक पाळीला एक नवे कार्ड उचलतच राहतो आणि त्यांतले एखादे चांगले निघायला फार वेळ लागत नाही. हात रिकामा करण्याने मिळते ती सवड. डाव संपवणारे काही जवळ नसेल तर ती सवड वाया जाते. म्हणून या डेकमधून कोणतेही कार्ड काढायचे झाले तरी या आठांना हात लावू नये.

डिस्कार्डच्या कार्डांत पहिला मान ‘थॉटसीझ’ आणि ‘इन्क्विझिशन ऑफ कोझिलेक’ यांचा. ‘थॉटसीझ’ २००७ च्या ‘लॉरविन’मध्ये प्रथम आले. ते समोरच्याचा हात उघडा करते, त्यातले लँड सोडून कोणतेही कार्ड आपण निवडतो आणि मोबदल्यात आपले २ लाइफ जाते. २०१० च्या ‘राइज ऑफ द एल्ड्राझी’मधल्या ‘इन्क्विझिशन’ला लाइफची किंमत द्यावी लागत नाही, पण त्यातून तीन किंवा त्याहून कमी मानाचेच कार्ड काढता येते. दोन्ही चार-चार घेतली की सुरुवातीच्या सात कार्डांत त्यांपैकी एक तरी असण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के होते. त्यांत चार ‘रेव्हन्स क्राइम’ मिळवली तर एका मानाच्या डिस्कार्डची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांपर्यंत जाते.

‘रेव्हन्स क्राइम’बद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण माझ्या दृष्टीने या डेकचा प्राण तेच कार्ड आहे. वरवर पाहता ते क्षुल्लक वाटते: एक काळा माना द्यायचा आणि समोरच्याने स्वतःच्या निवडीने एक कार्ड टाकायचे. परंतु त्याला ‘रीट्रेस’ हा गुण आहे. हातातले एखादे लँड टाकून ते ग्रेव्हयार्डमधून (वापरलेल्या आणि टाकलेल्या कार्डांच्या ढिगातून) पुन्हा खेळता येते, पुन्हा ग्रेव्हयार्डमध्ये जाते आणि पुढच्या पाळीला पुन्हा तयार असते. डिस्कार्डच्या प्रत्येक डेकची एक जन्मजात अडचण अशी की सुरुवातीला बहुमोल असलेली कार्डे डावाच्या उत्तरार्धात निरुपयोगी होतात, कारण रिकाम्या हातावर ‘इन्क्विझिशन’ खेळून काहीच साधत नाही. त्याच वेळी आपल्यालाही नको असताना लँडमागून लँड येत राहते. ‘क्राइम’ या दोन अडचणींना एकमेकींच्या उपयोगी पाडते: नको असलेले प्रत्येक लँड म्हणजे आणखी एक डिस्कार्ड. काही जण ते दोन किंवा तीनच घेतात. मी चार घेण्याचा आग्रह धरीन, कारण जादा आलेले ‘क्राइम’ इतर कार्डांसाठी किंमत म्हणून टाकता येते आणि टाकल्यावरही ते ग्रेव्हयार्डमधून खेळता येते.

दुसऱ्या पाळीसाठी ‘रेंच माइंड’ आहे. दोन काळ्या मानांत ते दोन कार्डे टाकायला लावते; समोरच्याच्या हातात एखादे आर्टिफॅक्ट (वस्तूचे कार्ड) असेल तर मात्र तेवढे एक टाकून तो सुटतो. ‘स्मॉलपॉक्स’ हे जास्त विचार करून खेळण्याचे कार्ड आहे. त्यात दोन्ही खेळाडूंचे एक लाइफ जाते, दोघेही एक कार्ड टाकतात, टेबलावरचा एक प्राणी (हल्ला-बचाव करणारे कार्ड) आणि एक लँड गमावतात. आपल्याकडे प्राणी नसतात आणि टाकायला ‘क्राइम’ असते, त्यामुळे हा वरकरणी समान व्यवहार आपल्या बाजूने झुकतो. पण हातात लँड कमी असताना ते खेळणे धोक्याचे आहे, म्हणून मी तीनच ठेवतो. ‘फ्यूनरल चार्म’ची दोन कार्डे अनेकांच्या यादीत दिसत नाहीत. ती असावीत असे मला ठामपणे वाटते, कारण ‘चार्म’ इन्स्टंट, म्हणजे कोणाच्याही पाळीत चालणारे कार्ड, असल्यामुळे समोरच्याच्या ड्रॉ स्टेपमध्ये (तो कार्ड उचलतो त्या टप्प्यात) खेळता येते. रिकाम्या हाताच्या खेळाडूने नुकतेच उचललेले एकमेव कार्ड, ते सोर्सरी (फक्त स्वतःच्या पाळीत खेळता येणारे मंत्रकार्ड) असो, प्राणी असो की लँड, खेळण्याची संधी मिळण्यापूर्वीच टाकायला लावणारे असे साधन या डेकमध्ये दुसरे नाही. शिवाय वेळप्रसंगी एक टफनेस (सहनशक्ती) असलेला छोटा प्राणीही ते मारते.

‘लिलियाना ऑफ द व्हेल’ हे या डेकमधले सर्वांत प्रसिद्ध कार्ड. २०११ च्या ‘इनिस्ट्राड’मध्ये आलेले हे प्लेन्सवॉकर (टेबलावर राहून दर पाळीला आपली एक शक्ती वापरू देणारे पात्र) तीन मानात येते आणि तिच्या पहिल्या शक्तीने दोन्ही खेळाडूंना एकेक कार्ड टाकावे लागते. इतर डेकमध्ये ही किंमत जाणवते, परंतु इथे आपला हातही लवकरच रिकामा झालेला असतो आणि रिकाम्या हाताच्या खेळाडूला टाकण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्या शक्तीने समोरच्याला एक प्राणी गमवावा लागतो. आपल्याच रिकाम्या हाताचा असाच लाभ ‘एन्स्नेअरिंग ब्रिज’मधून मिळतो: ज्यांची पॉवर (हल्ल्याची ताकद) आपल्या हातातल्या कार्डांच्या संख्येपेक्षा जास्त आहे असे प्राणी हल्ला करू शकत नाहीत, म्हणजे आपला हात रिकामा असताना जवळपास कोणताच प्राणी हलत नाही. हात रिकामा ठेवण्यासाठी आलेले लँड ‘क्राइम’वर खर्च करता येते. या डेकची कार्डे एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, हे अशा जोड्यांतून कळते आणि बांधणीचा खरा आनंदही त्यातच आहे.

माझी शिफारस अशी: आठ ‘रॅक’ आणि ‘अफ्लिक्शन’, ‘थॉटसीझ’, ‘इन्क्विझिशन’, ‘क्राइम’, ‘रेंच माइंड’ आणि ‘लिलियाना’ प्रत्येकी चार, ‘स्मॉलपॉक्स’ तीन, ‘चार्म’, ‘ब्रिज’ आणि ‘फेटल पुश’ (स्वस्त प्राणी मारणारे कार्ड) प्रत्येकी दोन, उरलेली २३ लँड. लँडमध्ये १७ स्वॉम्प (काळा माना देणारी साधी लँड), एक ‘अर्बॉर्ग’, दोन ‘कॅसल लॉकथ्वेन’ आणि तीन ‘म्यूटाव्हॉल्ट’. प्राणी बनून हल्ला करणारे ‘म्यूटाव्हॉल्ट’ चौथेही घेण्याचा मोह होतो, पण ते काळा माना देत नाही आणि दुसऱ्या पाळीला दोन काळे माने न मिळाल्यामुळे ‘रेंच माइंड’ हातात अडकणे फार महागात पडते. ‘लॉकथ्वेन’ तीन माना घेऊन एक कार्ड देते आणि हातातल्या कार्डांइतके लाइफ नेते. आपला हात रिकामा असल्यामुळे हे नुकसान सहसा एकाचेच असते.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. हा डेक हाती घेणाऱ्याची सर्वसाधारण समजूत अशी असते की प्रतिस्पर्ध्याची सगळी कार्डे आपणच टाकायला लावायची आहेत. एक साधा डाव मांडून पाहू. आपण पहिले खेळत आहोत. पहिल्या पाळीला ‘इन्क्विझिशन’, म्हणून त्याचा हात सातावरून सहावर. तो एक कार्ड उचलतो, एक लँड आणि एक स्वस्त कार्ड खेळतो, उरली पाच. आपल्या ‘रेंच माइंड’नंतर तीन. तो उचलतो, दोन खेळतो, उरली दोन. तिसऱ्या पाळीला ‘लिलियाना’, उरले एक. तो उचलतो, दोन्ही खेळतो आणि त्याचा हात रिकामा होतो. चौथ्या पाळीला आपण ‘रॅक’ आणि ‘अफ्लिक्शन’ एकत्र मांडतो आणि त्याच्या पुढच्याच अपकीपला ६ लाइफ जाते. या डावात त्याच्या हातून गेलेल्या दहा कार्डांपैकी आपण फक्त चार टाकायला लावली आणि सहा त्याने स्वतः खेळली. त्यामुळे पहिल्या पाळीला त्याचा हात पाहून निवड करताना सर्वांत मोठे कार्ड कोणते हे पाहण्यापेक्षा, तो हात पुन्हा भरणारे कार्ड कोणते आणि एकदा टेबलावर आले की आपल्याला काढता येणार नाही असे कोणते, हे आधी पाहावे. कार्डे उचलून देणारी सोर्सरी आणि एखादे त्रासदायक एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारे मंत्रकार्ड) हातात असेल, तर दोन-तीन मानाचे प्राणी खुशाल राहू द्यावेत. त्यांच्यासाठी ‘लिलियाना’, ‘पुश’ आणि ‘ब्रिज’ आहेतच. काळ्या रंगाकडे एन्चांटमेंट मोडण्याचे उपाय फार थोडे आहेत, म्हणून ती हातात असतानाच काढावी लागतात.

जाणता प्रतिस्पर्धी याला एक चोख उत्तर देतो: तो नको असलेली दोन लँड हातातच धरून ठेवतो. मग ‘अफ्लिक्शन’ काहीच करत नाही आणि ‘रॅक’ फक्त एकाचे नुकसान करते. अशा वेळी घाई करू नये. जी लँड तो खेळत नाही तिचा माना त्याला मिळत नाही, म्हणजे त्याने स्वतःचाच वेग कमी केलेला असतो, आणि आपले एक जादा लँड देऊन ‘क्राइम’ने त्याचे एक राखीव लँड उडवणे हा सौदा आपल्याला दर पाळीला परवडतो. दोन्ही बाजूंचे हात जवळजवळ रिकामे असताना, एकेका कार्डाचा हिशेब ठेवून चाललेली ही झुंज मला या खेळातली सर्वांत श्रीमंत परिस्थिती वाटते. प्रत्येक पाळीला समोरच्याकडे नेमके काय आहे हे तुम्हाला माहीत असते, कारण तुम्ही त्याचा हात पाहिलेला असतो, आणि त्या माहितीचा वापर किती नीट केला यावर निकाल ठरतो.

या डेकला नावडणारे प्रतिस्पर्धीही स्पष्ट सांगायला हवेत. ज्यांना ग्रेव्हयार्डमध्ये कार्डे गेलेलीच हवी असतात अशा डेकना आपण आयती मदत करतो. २०२४ च्या ‘मॉडर्न होरायझन्स ३’मधले ‘फ्लेज’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे: ते टाकायला लावले तरी ग्रेव्हयार्डमधली इतर पाच कार्डे बाजूला सारून पुन्हा खेळता येते, आणि ती पाच कार्डे जमवून देण्याचे काम आपल्याच डिस्कार्डने केलेले असते. ‘ऑब्स्टिनेट बालॉथ’ आणि ‘लोक्सोडॉन स्मायटर’ हे प्राणी तर आपण टाकायला लावले की थेट मैदानातच उतरतात. आर्टिफॅक्टने भरलेल्या डेकसमोर ‘रेंच माइंड’ निम्म्यावर येते. ‘लेलाइन ऑफ सँक्टिटी’ सुरुवातीच्या हातातून टेबलावर आली की ‘थॉटसीझ’, ‘इन्क्विझिशन’, ‘क्राइम’ आणि ‘रेंच माइंड’ या साऱ्यांना तो खेळाडू लक्ष्य म्हणून मिळतच नाही. ‘रॅक’, ‘अफ्लिक्शन’, ‘स्मॉलपॉक्स’ आणि ‘लिलियाना’ची पहिली शक्ती मात्र लक्ष्य न करता काम करत असल्यामुळे चालू राहते, एवढाच दिलासा. उलट दोन-तीन ठरावीक कार्डे जुळवून एका पाळीत डाव संपवू पाहणाऱ्या कॉम्बो डेकसमोर एट-रॅक फार सुखाने खेळतो, कारण जुळणीतला एक दुवा काढला की उरलेली कार्डे बहुधा निष्प्राण होतात.

साइडबोर्डच्या (डावांच्या मध्ये अदलाबदलीसाठी ठेवलेल्या राखीव कार्डांच्या) पंधरा जागांपैकी चार मी डोळे मिटून ‘लेलाइन ऑफ द व्हॉइड’ला देईन. ती असताना समोरच्याने टाकलेली कार्डे ग्रेव्हयार्डमध्ये न जाता खेळाबाहेर जातात आणि वरची मोठी अडचण बऱ्याच अंशी मिटते. दोन-तीन ‘सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन’ कॉम्बोविरुद्ध ठेवावीत. टाकायला लावलेल्या कार्डाच्या उरलेल्या सर्व प्रती त्यांनी गड्डीतून आणि हातातून काढून घेता येतात. २०२४ च्या ‘ब्लूमबरो’मधले ‘बँडिट्स टॅलेंट’ हेही विचारात घेण्यासारखे आहे, कारण ते लक्ष्य न करता डिस्कार्ड करायला लावते आणि एक माना देऊन पुढच्या पातळीवर नेले की हातात एक किंवा शून्य कार्ड असलेल्या प्रतिस्पर्ध्याचे दर अपकीपला २ लाइफ नेते. काही खेळाडू ते मुख्य साठांतच घेतात, आणि ‘स्मॉलपॉक्स’ नकोसे वाटणाऱ्याने तसे करायला माझी हरकत नाही.

हाच डेक चार खेळाडूंच्या ‘कमांडर’ प्रकारात नेण्याचा विचार असेल, तर मी सावध राहण्यास सांगेन. तिथे ४० लाइफ असते, तीन प्रतिस्पर्धी असतात आणि ‘रॅक’ त्यांतल्या एकालाच त्रास देते, त्यामुळे एकास एक डिस्कार्डचा हिशेब जुळत नाही. त्या प्रकारात ‘टायनीबोन्स, ट्रिंकेट थीफ’ किंवा ‘टर्ग्रिड, गॉड ऑफ फ्राइट’ यांना प्रमुख करून वेगळी बांधणी करावी लागते. ‘टर्ग्रिड’ टाकलेली प्राणी, लँड, आर्टिफॅक्ट यांसारखी कार्डे थेट तुमच्या बाजूला आणते. ती इतकी प्रभावी आहे की २०२५ मध्ये विझर्ड्सने जाहीर केलेल्या ‘गेम चेंजर्स’च्या (कमांडरमधल्या, डाव पालटणाऱ्या कार्डांच्या) यादीत तिचे नाव होते. टेबलावरच्या सगळ्यांना आधी विचारल्याशिवाय ती मांडू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे, कारण हातात काहीच नसताना तासभर बसून राहणे कोणालाही आवडत नाही. दोघांच्या खेळात डाव लवकर निकाली निघतो आणि ही तक्रार तितकीशी उरत नाही.

डिस्कार्डच्या कार्डांवर नियमकर्त्यांची नजर नेहमीच राहिलेली आहे, हेही खरेदीपूर्वी ध्यानात असावे. ‘हिम टू टूराक’वर २०१९ मध्ये ‘पॉपर’ प्रकारात बंदी आली, ‘ग्रीफ’वर २०२४ च्या ऑगस्टमध्ये मॉडर्नमध्ये आणि ‘होपलेस नाइटमेअर’वर २०२५ मध्ये ‘स्टँडर्ड’ प्रकारात. एट-रॅकची मुख्य कार्डे मात्र मॉडर्नमध्ये मोकळी आहेत, आणि त्याचे कारण उघड आहे: हा डेक कष्टाने आणि सावकाश जिंकतो, स्पर्धांच्या शिखरावर तो क्वचितच दिसतो. ज्याला मोठ्या स्पर्धेत वरचा क्रमांकच हवा आहे त्याने दुसरीकडे पाहावे. ज्याला समोरच्याचा विचार वाचत, शांतपणे आणि हिशेबाने खेळायला आवडते, त्याला हा डेक वर्षानुवर्षे पुरेल.

खर्चाच्या बाबतीत एट-रॅकची बाजू भक्कम आहे. एकाच रंगाचा असल्यामुळे मॉडर्नमधल्या बहुरंगी डेकना लागणारी महागडी लँड इथे लागत नाहीत आणि स्वॉम्प तर कोणाकडेही मिळतात. ‘रॅक’, ‘अफ्लिक्शन’, ‘क्राइम’, ‘रेंच माइंड’ आणि ‘स्मॉलपॉक्स’ ही कार्डे तुलनेने स्वस्त आहेत. भार पडतो तो ‘थॉटसीझ’, ‘ब्रिज’ आणि ‘लिलियाना’वर. ‘थॉटसीझ’ २०१३ च्या ‘थेरोस’मध्ये आणि ‘लिलियाना’ २०२२ च्या ‘डोमिनेरिया युनायटेड’मध्ये पुन्हा छापली गेली आहे, त्यामुळे पहिल्या छपाईचा हट्ट धरू नये, खेळात दोन्हींचे मोल सारखेच आहे. महाराष्ट्रात राहून सुटी कार्डे परदेशातून मागवणाऱ्याने टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा आणि शक्यतो चार मित्रांची मागणी एकत्र करून पाठवावी. ‘मॅजिक ऑनलाइन’वर मॉडर्न खेळता येते आणि तिथे हा प्रश्नच येत नाही, ‘मॅजिक अरीना’वर मात्र मॉडर्न नाही.

विकत घेण्याचा क्रम मी असा सुचवीन. आधी स्वस्त कार्डे आणि ‘इन्क्विझिशन’ घ्यावे, ‘लिलियाना’ आणि ‘थॉटसीझ’च्या जागी कागदाच्या चिठ्ठ्या लावून घरी किंवा मित्रांच्या टेबलावर पुरेसे डाव खेळावेत आणि हा संथ, जागरूक खेळ आपल्या स्वभावाला मानवतो का हे पाहावे. मानवला तर पुढची खरेदी ‘थॉटसीझ’ची करावी, कारण ते जवळपास प्रत्येक काळ्या डेकमध्ये उपयोगी पडते. ‘ब्रिज’ त्यानंतर, आणि ‘लिलियाना’ सर्वांत शेवटी एकेक करून. दोनच ‘लिलियाना’ हाती असतील तोवर उरलेल्या दोन जागा ‘बँडिट्स टॅलेंट’ने भरल्या तरी डेक व्यवस्थित चालतो.